दाराआडच्या रेघा

आमच्या जुन्या घरात माजघराचे दार उघडे असले म्हणजे भिंतीला टेकत असे, आणि ते दिवसभर उघडेच असे. त्यामुळे दाराआडची हातभर भिंत बाहेरच्या माणसाच्या दृष्टीस कधी पडत नसे. लपंडाव खेळताना मात्र ती जागा आम्हा मुलांच्या हक्काची. तेथे श्वास रोखून उभे राहिले म्हणजे नाकासमोर कोळशाच्या बारीक रेघा दिसत. पंचवीस-तीस रेघा, मग एक फुली. पुन्हा रेघा, पुन्हा फुली. अशा दोन ओळी, एकीखाली एक. मी एकदा आजीला विचारले, "हे काय ग?" ती म्हणाली, "दुधाचा रतीब. गवळी लबाड आहे हो." काकू पदराआड हसली. आई हसली नाही.

दिवाळीच्या आधी घराला चुना लागे. त्या दिवशी आजी स्वतः पोतेरे घेऊन ती भिंत पुसून काढी, मग गड्याला आत बोलावी. पाडव्याच्या सुमारास कोऱ्या भिंतीवर पुन्हा पहिली रेघ उमटे.

वरची ओळ आईची आणि खालची काकूची, हे मला पुष्कळ वर्षांनी समजले. सुनांच्या पाळीचा हिशेब सासू ठेवीत होती. नवरात्रात सोवळ्याचा स्वयंपाक कोणी करावयाचा, पापड-कुरडया कोणत्या आठवड्यात घालावयाच्या, श्राद्धाच्या दिवशी घरात कोण 'बाहेरची' असेल, हे सारे त्या रेघांवरून ठरे. खालच्या ओळीत फुली पडली की आजीचा चेहरा उतरे, कारण काकूला मूल नव्हते. ते शेवटपर्यंत झाले नाही. हिशेब चोख होता, पण आपण नेमके काय मोजतो आहोत हे आजीला ठाऊक नव्हते. आणि जिच्या देहाचा तो हिशेब, तिच्या हाती तर कोळसाही नव्हता.

फराळाचे ताट शेजारी ठेवून वाचावयाच्या अंकात हा विषय कशाला, असे कोणी म्हणेल. माझे कारण सांगते. सुमारे वीस वर्षांपूर्वी माझ्या वर्गात आठवीत एक हुशार मुलगी होती. तेरा वर्षांची. न्हाण येऊन पाच-सहा महिने झाले होते. पुढे दोन महिने तिला पाळी आली नाही. घरात आत्या हिशेब ठेवणारी. तिच्या मनात नको ते आले, आणि शाळेच्या वाटेवर कोण कोण भेटते याची चौकशी सुरू झाली. मुलीला तालुक्याच्या डॉक्टरांकडे नेले. काहीही नव्हते, पुढच्या आठवड्यात पाळी आलीही. परंतु तोवर चारचौघांत कुजबुज झाली होती. मुलीची शाळा बंद झाली आणि सोळाव्या वर्षी लग्न उरकून टाकले.

या सगळ्याच्या आधी तिची आई एकदा शाळेच्या फाटकापाशी मला भेटली होती. इकडेतिकडे पाहून तिने हळूच विचारले होते, "बाई, असं होतं का हो कधी?" मी म्हणाले, "मला काय ठाऊक? डॉक्टरांना विचारा." मला खरोखरच ठाऊक नव्हते. माझे शिक्षण मॅट्रिकपर्यंतचे. आमच्या पुस्तकात बेडकाचे हृदय होते, पण हे नव्हते. "होतं" एवढा एक शब्द मला उच्चारता आला असता तर काय झाले असते, हा विचार माझ्या मनातून गेला नाही. त्यातूनच मी या विषयावर मिळेल ते वाचू लागले. वाचता वाचता दिसले की अज्ञानात मी एकटी नव्हते. मोठमोठे पंडित आणि डॉक्टरही शतकानुशतके हाच हिशेब चुकीच्या टोकाकडून मांडीत आले होते.

आपल्याकडे या गोष्टीचा विचार प्राचीन काळापासून झालेला आहे. सुश्रुतसंहितेत रजोदर्शन बाराव्या वर्षाच्या सुमारास सुरू होते आणि पन्नाशीला थांबते असे सांगितले आहे. हे निरीक्षण आजही फारसे चुकीचे ठरणार नाही. गर्भधारणेस योग्य असा 'ऋतुकाल' सुश्रुताने बारा रात्रींचा मानला, मनुस्मृतीने पहिले निषिद्ध दिवस धरून सोळा रात्रींचा. दिवस मावळला म्हणजे कमळ जसे मिटते, तसे ऋतू सरला की गर्भाशयाचे दार मिटते, अशी उपमा वैद्यकाने दिली. उपमा सुंदर आहे. पण ती पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजत पुढे जाते, आणि सर्व स्त्रियांना एकच माप लावते. जिचे चक्र पस्तीस दिवसांचे, तिचे खरे कमळ सोळाव्या रात्रीनंतर उमलते, हे त्या हिशेबात बसत नाही.

हा हिशेब पोथीतच राहिला असता तर गोष्ट वेगळी. १८९१ साली संमतिवयाच्या कायद्यावरून सारा देश पेटला, त्याच्या मुळाशी हीच मोजणी होती. कलकत्त्याकडील फूलमणी ही दहा-अकरा वर्षांची मुलगी नवऱ्याच्या बळजबरीने मेली. १८९० साली चाललेल्या त्या खटल्याने लोक हादरले, आणि संमतीचे वय दहावरून बारा करण्याचे विधेयक पुढे आले. सनातन्यांचा आक्षेप असा, की प्रथम रजोदर्शनानंतर सोळा दिवसांत गर्भाधान झाले पाहिजे. ते बाराव्या वर्षाआधी आले तर कायदा धर्माच्या आड येईल. पुण्यात टिळकांनी परकीय सरकारने आमच्या घरात ढवळाढवळ करू नये म्हणून विधेयकास विरोध केला. आगरकर आणि रानडे सुधारणेच्या बाजूला उभे राहिले, आणि रा. गो. भांडारकरांनी शास्त्रवचनांचाच आधार काढून धर्म बुडत नाही असे दाखवून दिले. कायदा झाला. सभांतून आणि वर्तमानपत्रांतून एवढा गदारोळ झाला, पण ज्या मुलींच्या दिवसांची ही मोजदाद चालली होती त्यांना कोणी एक प्रश्न विचारल्याचे दिसत नाही.

युरोपातल्या विद्वानांची कथा तर आणखी नवलाची. १८४३ साली बिशॉफ या जर्मन शास्त्रज्ञाने दाखविले की कुत्री माजावर येते तेव्हा तिच्या अंडाशयातून बीज आपोआप सुटते. कुत्रीला त्या वेळी रक्तस्राव होतो, स्त्रीलाही दर महिन्यास होतो. तेव्हा दोन्ही एकच, असा सोपा निष्कर्ष काढला गेला. फ्रान्समधील रूआँ शहरचे निसर्गशास्त्रज्ञ पूशे यांनी तो मोठ्या विश्वासाने मांडला. निर्जीव पदार्थातून जीव आपोआप उत्पन्न होतो असे म्हणून पुढे पाश्चरशी वाद घालणारे आणि हरणारे ते हेच पूशे. त्यांच्या मताप्रमाणे बीज पाळीच्या सुमारास सुटते, म्हणून गर्भ राहावयाचा तो पाळीनंतरच्या दहा-बारा दिवसांत. महिन्याचा मधला काळ निर्धास्त.

प्रत्यक्षात कुत्रीचा स्राव हा बीज सुटण्याच्या आधीचा असतो. स्त्रीचा स्राव हा बीज फुकट गेल्यानंतरचा असतो. एकीकडे ती स्वागताची तयारी, दुसरीकडे पाहुणा न आल्यामुळे उतरविलेला मांडव! पण ही उलटापालट कोणाच्या लक्षात आली नाही, आणि पुढे जवळजवळ ऐंशी वर्षे डॉक्टरमंडळी स्त्रियांना सांगत राहिली की महिन्याचा मध्य सुरक्षित आहे. ज्यांना मूल नको होते त्यांना त्यांनी नेमक्या धोक्याच्या दिवसांकडे पाठविले, आणि ज्यांना हवे होते त्यांना त्या दिवसांपासून दूर ठेवले. त्या काळी किती घरांत डॉक्टरांच्या सल्ल्याप्रमाणे वागूनही पाळणा हलला असेल, आणि किती बायकांनी त्याबद्दल स्वतःलाच दोष दिला असेल!

स्त्रियांना प्रथम नीट विचारले ते एका स्त्रीने. १८७३ साली अमेरिकेत एडवर्ड क्लार्क या डॉक्टरांनी पुस्तक लिहून बजावले, की मुलींनी पाळीच्या दिवसांत मुलग्यांप्रमाणे अभ्यास केला तर त्यांच्या प्रकृतीची, विशेषतः मातृत्वाची, धूळधाण होईल. पुस्तक अतोनात खपले. मुलींची महाविद्यालये नकोत म्हणणाऱ्यांना घरबसल्या शास्त्र मिळाले. त्याला उत्तर दिले डॉ. मेरी पटनम जेकोबी यांनी. त्यांनी वादविवादाचा धुरळा उडविला नाही. एक हजार प्रश्नपत्रिका स्त्रियांकडे धाडल्या. दोनशे अडुसष्ट उत्तरे आली. त्याशिवाय काही स्त्रियांची नाडी आणि तापमान त्यांनी दिवसामागून दिवस नोंदविले. पाळीच्या आधीच्या दिवसांत अंगाचे तापमान किंचित चढलेले असते, ही खूण त्या नोंदीत सापडली. अंगात धडधाकट आणि पोटभर जेवणाऱ्या स्त्रीला त्या दिवसांत काम सोडून पडून राहण्याची गरज नाही, असा त्यांचा निष्कर्ष. त्या निबंधास १८७६ साली हार्वर्डचे बॉईल्स्टन पारितोषिक मिळाले. निबंध निनावी होता. ज्या हार्वर्डने हे पारितोषिक दिले, त्याच्या वैद्यकीय शाळेत स्त्रियांना प्रवेश मिळाला तो १९४५ साली.

या मेरीबाई फिलाडेल्फियाच्या स्त्रियांच्या वैद्यकीय महाविद्यालयातून १८६४ साली पदवीधर झाल्या होत्या. बावीस वर्षांनी, १८८६ च्या मार्चमध्ये, त्याच संस्थेतून एक नऊवारी नेसणारी मराठी मुलगी एम.डी. होऊन बाहेर पडली. आनंदीबाई जोशी. नवव्या वर्षी लग्न, चौदाव्या वर्षी बाळंतपण, आणि दहा दिवसांत मूल गेलेले. तिच्या प्रबंधाचा विषय होता हिंदू लोकांतील प्रसूतिशास्त्र. आपल्या शास्त्रांत काय आहे ते तिने तेथे इंग्रजीत मांडले. आणि तेथले ज्ञान घेऊन इकडे येताच एकविसाव्या वर्षी तिने डोळे मिटले. १८८७ च्या फेब्रुवारीतली ती गोष्ट. ती जगती, तर फाटकापाशी उभ्या राहिलेल्या कितीतरी आयांना मराठीतून उत्तर मिळाले असते असे मला वाटल्यावाचून राहात नाही.

चुकीचा हिशेब सुधारला तो मात्र फिलाडेल्फियात नव्हे आणि पॅरिसातही नव्हे. जपानच्या पश्चिम किनाऱ्यावर नीगाता नावाचे बंदर आहे. तेथल्या ताकेयामा इस्पितळात १९१२ सालापासून क्यूसाकू ओगिनो हे स्त्रीरोगांचे शल्यवैद्य काम करीत होते. पोटाची शस्त्रक्रिया करताना ते अंडाशयाकडे बारकाईने पाहात: बीज नुकतेच सुटले आहे की सुटावयाचे आहे. मग त्या स्त्रीला मागच्या पाळीची तारीख विचारीत. इथवर दुसऱ्यांनीही केले होते. ओगिनोंनी आणखी एक गोष्ट केली. ते थांबले. ती स्त्री बरी होऊन पुढची पाळी केव्हा येते ते त्यांनी टिपले. आणि तारखा मागून मोजताच गुंता सुटला. मागच्या पाळीपासून मोजले तर प्रत्येकीचा आकडा निराळा. पुढच्या पाळीपासून मागे मोजले तर बीज सुटण्याचा दिवस बारा ते सोळा दिवसांच्या आत सापडे, मग चक्र पंचवीस दिवसांचे असो की छत्तीसचे. १९२४ साली त्यांनी हे जपानीत प्रसिद्ध केले. चार-पाच वर्षांत ऑस्ट्रियातील ग्राट्सचे हेर्मान क्नाउस हे दुसऱ्याच वाटेने जवळजवळ त्याच ठिकाणी पोचले.

यातले मर्म मी वर्गात एस.टी.च्या दृष्टान्ताने सांगते. गाडी तालुक्याहून केव्हा सुटेल याचा नेम नसतो. ड्रायव्हर चहाला गेला, पाऊस आला, टायर बसला, की खोळंबा. पण एकदा घाटमाथा ओलांडला की खाली गावात पोचावयास ठरलेलाच वेळ लागतो. बीज सुटणे हा घाटमाथा. त्याच्या अलीकडचा काळ ताप, उपवास, परीक्षा, दुःख, प्रवास यांनी लांबतो. पलीकडचा काळ साधारण दोन आठवड्यांचा. कारण बीज सुटल्या जागी जी पिवळसर गाठ होते ती तेवढेच दिवस टिकते, आणि गर्भ राहिला नाही तर सुकते. ती सुकली की गर्भाशयाचे अस्तर गळते. ती पाळी. म्हणजे पाळी उशिरा आली, तर बहुधा मांडव उतरण्यास नव्हे, मुळात घाट चढण्यासच उशीर झालेला असतो.

आणि न्हाण आल्यानंतरच्या पहिल्या वर्षांत तर गाडीला रस्ताच नवा असतो. कधी एकवीस दिवस, कधी पंचेचाळीस, मधूनच एखादा खंड. त्यात वावगे काही नाही. तीन महिने उलटले तर मात्र डॉक्टरांना दाखवावे; संशय म्हणून नव्हे, प्रकृती म्हणून. एवढेच त्या दिवशी मला सांगावयाचे होते.

ओगिनोंच्या शोधाची एक गंमत आहे. त्यांच्या मनात होत्या त्या मूल हवे असलेल्या स्त्रिया. जगाने मात्र तो शोध मूल टाळण्यासाठी उचलला, आणि ओगिनो स्वतः त्या वापराच्या विरुद्ध राहिले. त्यात चुका फार होतात हे ते जाणून होते. पुढची पाळी आल्याशिवाय मागे मोजता येत नाही, म्हणून आधीच्या पुष्कळ महिन्यांच्या नोंदींवरून अंदाज बांधावा लागतो. अंदाज चुकला की पाळणा. नीगातामध्ये आज त्यांच्या नावाचा रस्ता आहे. १८८२ साली जन्मलेले हे गृहस्थ १९७५ च्या पहिल्या दिवशी वारले. योगायोग असा की आपले र. धों. कर्वे हेही १८८२ चेच. गणिताच्या प्राध्यापकाची नोकरी सोडून त्यांनी मुंबईत संततिनियमनाचे केंद्र चालविले आणि १९२७ पासून १९५३ पर्यंत, म्हणजे मरेपर्यंत, 'समाजस्वास्थ्य' काढले. ज्या गोष्टी आमच्या घरी दाराआड होत्या त्या त्यांनी छापून टपालाने पाठविल्या, आणि त्यासाठी कोर्टात दंडही भरला.

ओगिनोंची मोजणी आपल्या देशात सरकारी वाटेने आली, तिची सुरुवात वर्ध्यास सापडते. १९३५ च्या डिसेंबरात मार्गारेट सँगर गांधीजींना भेटावयास तेथे आल्या होत्या. साधनांना गांधीजींचा ठाम विरोध. पण महिन्यातले सुरक्षित दिवस पाळण्यात निदान संयम तरी आहे, एवढे त्यांनी मान्य केले. स्वातंत्र्यानंतर राजकुमारी अमृत कौर आरोग्यमंत्री झाल्या. त्या गांधीजींच्याच शिष्या. त्यांच्या विनंतीवरून जागतिक आरोग्य संघटनेने १९५१ साली डॉ. अब्राहम स्टोन यांना पाठविले, आणि दिल्लीची लोदी कॉलनी व म्हैसूर राज्यातले रामनगर येथे प्रयोग सुरू झाले. पुढे 'शोले' चित्रपटात जे खडकाळ डोंगर दिसले, ते रामनगरचेच.

अक्षर न वाचणाऱ्या बाईने दिवस मोजावे कसे? स्टोन यांनी मण्यांची माळ केली. रोज एक मणी सरकवावयाचा. एका रंगाचे मणी सुरक्षित दिवसांचे, दुसऱ्या रंगाचे जपण्याचे. कल्पना नामी, पण अडचणी घरातल्या होत्या. रात्री अंधारात हिरवा कोणता नि लाल कोणता ते दिसेना, तेव्हा बोटांना कळावे म्हणून मण्यांचे आकार निराळे केले. मणी उलट सरकू नये म्हणून अडसर बसविला. कोणी माळ खुंटीला टांगली, तर पोरांनी खेळता खेळता मणी सरकविले. गळ्यात घालावी, तर घरादाराला दिवस कळणार याची लाज. काही बायकांना वाटले, मणी सरकविला की झाले, ताईतासारखी माळच राखील. प्रयोग फसला, आणि बायका अडाणी असा शेरा पुष्कळांनी मारला. मला त्या बायकांचे काही चुकले असे वाटत नाही. त्यांच्या हाती माळ दिली होती. मणी कशाचे, हे कोणी पुरते सांगितले नव्हते. आमच्या आजीच्या रेघांची तीच कथा.

माळ मात्र संपली नाही. १९९९ च्या पुढे वॉशिंग्टनच्या जॉर्जटाउन विद्यापीठातल्या मंडळींनी तिला नवे रूप दिले: बत्तीस मणी, पहिला लाल, आठव्यापासून एकोणिसाव्यापर्यंतचे बारा पांढरे, ते जपण्याचे दिवस. सव्वीस ते बत्तीस दिवसांचे चक्र असणारीलाच ती चालते, हे आधी सांगितले जाते. झारखंडात ती 'माला चक्र' नावाने खेडोपाडी पोचली. नीट पाळली तर वर्षात शंभरातल्या पाचांहून कमी स्त्रियांना दिवस जातात. माणसाच्या नेहमीच्या चुकांसकट धरले तर बारांना.

आता माळही नको, फोन आहे. तो दिवस मोजतो, आठवण देतो, गोड बोलतो. पण २०२२ साली अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने गर्भपाताचा घटनेने दिलेला हक्क काढून घेतला, तेव्हा तेथल्या अनेक स्त्रियांनी फोनमधल्या या नोंदी घाईघाईने पुसून टाकल्या. आपली पाळी चुकल्याचे उद्या कोणी पुरावा म्हणून वाचील, ही भीती. ते ऐकून मला दिवाळीच्या आधी पोतेऱ्याने भिंत पुसणारी आजी आठवली. हिशेब ठेवावा, अवश्य ठेवावा. पण तो जिचा तिने ठेवावा, समजून ठेवावा, आणि दुसऱ्याला दाखवावयाचा की नाही ते तिने ठरवावे.

मी आता दरवर्षी जूनमध्ये एक तास यासाठी काढते. फळ्यावर घाट काढते, एस.टी. काढते. मुलींना वहीच्या शेवटच्या पानावर तारखा लिहावयास सांगते. पहिल्या वर्षी हसू फार होते. आता प्रश्न फार असतात.

गेल्या जूनमध्ये एक बाई मुलीचे नाव घालण्यासाठी शाळेत आली. मी ओळखले नाही, तिने ओळखले. पाया पडली, आणि मुलीला पुढे करून म्हणाली, "बाई, तुम्ही वर्गात सगळं सांगता म्हणे. हिलाही सांगाल ना?"

मला काही क्षण बोलता येईना. मग म्हणाले, "सांगेन. मंगळवारी दुपारचा तास आहे. तूही ये."

ती मंगळवारी आली. आठवीच्या वर्गात, खिडकीकडच्या बाकावर, मुलीशेजारी बसली, आणि तास संपेपर्यंत तिने फळ्यावरून नजर हलविली नाही.